पेनड्राइव्ह घेऊन कुणाकडे जायचं?

भाचीच्या पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू होतं. एका रात्री साडेअकराला तिचा फोन आला. "मामा, माझ्या जीन्सच्या तारखा झाल्या."

मला वाटलं, पँटविषयी बोलते आहे. शिंप्याने तारीख दिली असेल.

"मामा, जीन्स म्हणजे जनुकं!"

मग तिने सविस्तर सांगितलं. ती कर्करोगाच्या पेशींवर काम करते. कोणतं जनुक कुठल्या पेशीत किती सक्रिय आहे, याची हजारो ओळींची यादी तिच्याकडे होती. ती तिने एक्सेलमध्ये उघडली, थोडी आवरली, सेव्ह केली. माणसाच्या जनुकांत एकाचं नाव 'मार्च१' असं होतं, एकाचं 'सेप्ट२'. एक्सेलला त्या तारखा वाटल्या आणि त्याने कुणाला न विचारता १ मार्च, २ सप्टेंबर करून टाकलं. बरं, तारखेवरून मूळ नाव ओळखावं, तर तीही सोय नाही. 'मार्च१' आणि 'मार्क१' ही दोन वेगळी जनुकं, पण एक्सेलच्या लेखी दोघांचीही १ मार्चच.

हा तिचा एकटीचा वेंधळेपणा नव्हता. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या तीन संशोधकांनी जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेले शोधनिबंध तपासले, तेव्हा साधारण पाचातल्या एका निबंधात ही चूक निघाली. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेच हात टेकले आणि 'मार्च', 'सेप्ट' घराण्यातल्या सगळ्या जनुकांचं पुन्हा बारसं केलं. आधी माणसाच्या जनुकांची नावं बदलली. तारखा करण्याची खोड बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

पण भाचीचा प्रश्न त्या रात्रीचा होता. कुणाला विचारायचं? गाईड म्हणाले, हे संगणकाचं काम, संगणकवाल्यांना विचार. संगणकशास्त्र विभागातले सर म्हणाले, एक्सेल हा काही आमचा विषय नव्हे, आणि जीवशास्त्र तर मुळीच नव्हे. मग ती संगणक केंद्रात गेली. तिथे अर्ज भरून घेतला. दोन दिवसांनी ईमेल आली : सॉफ्टवेअर व्यवस्थित सुरू आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. आणि ते खरंच होतं. सॉफ्टवेअर व्यवस्थित सुरू होतं म्हणूनच तर तारखा झाल्या होत्या.

त्याच आवारात एक मोठं ग्रंथालय होतं. तिकडे जावं असं तिच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही. ग्रंथालयात पुस्तकं असतात, आणि परीक्षा जवळ आली की पंखा चालू असलेली खुर्ची मिळते. आकडेवारी बिघडली म्हणून कुणी ग्रंथपालाकडे जातं का?

जगात कुठेतरी कुणीतरी जात असेल, म्हणून शोधायला लागलो आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात पोचलो. अर्थात कागदोपत्री, विमानाने नव्हे.

शार्लट्सव्हिल गावातलं व्हर्जिनिया विद्यापीठ १८१९ साली थॉमस जेफरसनने स्थापन केलं. त्याचा आराखडाही त्याचाच. त्या काळी विद्यापीठाच्या मधोमध चर्च असे. जेफरसनने तिथे ग्रंथालय ठेवलं : रोममधल्या पँथिऑनच्या धर्तीवरची घुमटाची इमारत, तिचं नाव रोटुंडा, आणि घुमटाखाली पुस्तकं. यातल्या कितीतरी विटा गुलामांच्या हातांनी रचल्या गेल्या, हेही लगेच सांगायला हवं. विद्यापीठाने त्यांचं स्मारक उभारलं ते २०२० मध्ये. २७ ऑक्टोबर १८९५ ला रोटुंडाला आग लागली आणि निम्म्याहून बरीच जास्त पुस्तकं जळाली. पुढे १९३८ मध्ये अल्डरमन लायब्ररी नावाची नवी मोठी इमारत उघडली. आपली गोष्ट तिथली आहे.

१९९२ साली, म्हणजे आपल्याकडे टायपिंगच्या क्लासांच्या पाट्यांवर 'संगणक' हा शब्द नुकता रंगवला जात होता तेव्हा, या लायब्ररीत दोन दुकानं उघडली. दुकानं म्हणतो, कारण दारं उघडी होती आणि कुणीही आत यावं अशी अपेक्षा होती. पहिलं ग्रंथालयाचं स्वतःचं, इलेक्ट्रॉनिक टेक्स्ट सेंटर. डेव्हिड सीमन त्याचे पहिले संचालक. साहित्यकृती संगणकात नुसत्या टाइप करायच्या नाहीत. ओळ कुठे संपते, कडवं कुठे सुरू होतं, कोण पात्र बोलतं आहे, याच्या खुणा घालून ठेवायच्या, म्हणजे पुढे त्यावर प्रश्न विचारता येतील, हे तिथलं काम. वाचकाने यावं, शेजारी बसून शिकावं, स्वतःचा ग्रंथ स्वतः तयार करून न्यावा. २००० साली त्यांनी ई-पुस्तकं फुकट द्यायला सुरुवात केली आणि लाखो प्रती जगभर गेल्या.

दुसरं दुकान होतं मानव्यविद्यांसाठी प्रगत तंत्रज्ञानाच्या संस्थेचं. आयबीएम कंपनीच्या देणगीवर ते उभं राहिलं. जेरोम मॅगन हे इंग्रजीचे प्राध्यापक तिथे डान्टे गॅब्रिएल रोझेटी या कवी-चित्रकाराच्या मागे लागले. रोझेटी एकच कविता दहादा बदलायचा, त्याच विषयावर चित्र काढायचा, चित्राच्या चौकटीवर पुन्हा कविता लिहायचा. छापील आवृत्तीत हे मावेना. १९९३ मध्ये सुरू झालेलं हे काम पुरं व्हायला २००८ उजाडलं. एडवर्ड एअर्स या इतिहासकाराने अमेरिकन यादवी युद्धातले दोन जिल्हे घेतले, एक उत्तरेतला, एक दक्षिणेतला, आणि त्यांची वर्तमानपत्रं, पत्रं, जनगणना, लष्करी नोंदी एकत्र मांडल्या.

हे वाचताना पुण्याच्या माणसाला भांडारकर संस्था आठवणारच. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला सुरू झाली, १९६६ ला पुरी झाली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी तिची जी रीत घालून दिली तीत पाठभेदांचे तक्ते होते. वर एक श्लोक, अक्षराखाली अक्षर येईल अशा आखलेल्या ओळी, आणि प्रत्येक हस्तलिखिताचा वेगळा पाठ बरोबर त्याच्या अक्षराखाली. म्हणजे एक्सेलच! फरक इतकाच की त्या तक्त्याने कुठल्या पाठाची कधी तारीख केली नाही. पुढे या आवृत्तीची संहिता संगणकात चढवली ती क्योटोत, मुनेओ तोकुनागा यांनी, आणि ती पुन्हा तपासून शुद्ध केली केंब्रिजमध्ये, जॉन स्मिथ यांनी. पुण्यातल्या तक्त्यांना संगणक जपानमधून मिळाला, यात कुणाचा दोष नाही. पण १९९०च्या दशकात पुण्यात संगणक नव्हते असंही नव्हतं. ते कुठे होते, त्याकडे पुढे येतोच.

व्हर्जिनियात या दोन दुकानांपलीकडे आणखी एक खिडकी होती, आणि ती ग्रंथालयात नव्हती. विद्यापीठाच्या संगणक विभागाचं संशोधन-साहाय्य केंद्र. एसपीएसएस, सॅस, मॅटलॅब असल्या सॉफ्टवेअरविषयी अडलं तर तिथे जायचं. ही मूळ कल्पना जुन्या मेनफ्रेम संगणकाच्या काळातली. तेव्हा यंत्र एकाच ठिकाणी असायचं, लोक छिद्रं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन त्याच्या दारात यायचे, म्हणून माहीतगार माणूसही त्याच दारात बसायचा. मग यंत्र टेबलावर आलं, पुढे पिशवीत आलं. एका वर्षी व्हर्जिनियात पहिल्या वर्षाला आलेल्या ३,११७ विद्यार्थ्यांची विद्यापीठाने मोजदाद केली, तर स्वतःचा संगणक नसलेले निघाले फक्त ४. यंत्र लोकांच्या पिशवीत गेल्यावर यंत्राच्या दारात बसलेल्या माणसाकडे कोण जाणार? अडचणी होत्या तेवढ्याच राहिल्या, किंबहुना वाढल्या. पण अडलेला माणूस आता लायब्ररीत बसलेला होता, कारण तिथे प्लग होता, टेबल होतं, रात्री उशिरापर्यंत उजेड होता.

ज्या गर्दीत प्रश्न आहेत तिथे उत्तर देणाऱ्याने जावं, एवढा साधा विचार. २००६ मध्ये संगणक विभागाचं साहाय्य केंद्र, ग्रंथालयाचं ई-टेक्स्ट केंद्र आणि नकाशे व आकडेवारी सांभाळणारं जिओस्टॅट केंद्र ही तिन्ही मिळून अल्डरमनमध्ये एकच जागा झाली : स्कॉलर्स लॅब. विज्ञान-अभियांत्रिकीच्या ब्राउन लायब्ररीतही संशोधन-संगणनाची अशीच बैठक मांडली गेली. (हे ब्राउन म्हणजे चार्ल्स ब्राउन, अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचे प्रमुख, १९८४ मध्ये त्या अवाढव्य कंपनीचे तुकडे झाले ते यांच्याच कारकिर्दीत. तुकडे झालेल्या कंपनीच्या माणसाच्या नावाच्या इमारतीत दोन खाती जोडली गेली, हा योगायोग मला उगाचच आवडला.)

आता यात ग्रंथालयाने काय दिलं? जागा दिली, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. जागा कॅन्टीनमध्येही मिळाली असती.

ग्रंथपालांच्या विद्येत एक गोष्ट शिकवतात, तिला संदर्भ-मुलाखत म्हणतात. वाचक खिडकीशी येऊन जे मागतो ते त्याला हवं असतंच असं नाही. एखादे काका येतात, म्हणतात, "जळगावचं गॅझेटियर आहे का?" कच्चा कर्मचारी गॅझेटियर आणून देतो. काका तासभर पानं उलटून निघून जातात. मुरलेला ग्रंथपाल विचारतो, "काय बघायचंय त्यात?" मग कळतं, काकांना आजोबांचं मूळ गाव हवं आहे. आणखी दोन प्रश्न विचारले की कळतं, आजोबा पूर्व खानदेशातले, तेव्हा जळगाव जिल्हा या नावाने नव्हताच, आणि काकांना खरं तर जुना खानदेशाचा खंड हवा आहे, कदाचित जनगणनेची गावयादीही. वाचकाला चूक न ठरवता, त्याच्या तोंडून खरा प्रश्न काढून घ्यायचा. याला वेळ लागतो, आणि समोरच्याला आपण मूर्ख आहोत असं वाटू द्यायचं नसतं.

संगणकाच्या खिडकीशी अगदी हेच घडतं. विद्यार्थिनी विचारते, "एसपीएसएसमध्ये टी-टेस्ट कुठे असते?" मेनू दाखवला की तक्रार निकाली. पण तीन प्रश्न विचारले तर कळतं, तिच्याकडे चार गट आहेत, म्हणजे टी-टेस्ट लागूच नाही. आणखी दोन विचारले तर कळतं, प्रश्नावली दोनशे जणांकडून भरून झालेली आहे, त्यातला निम्मा भाग मोजताच येणार नाही असा विचारला गेलाय, आणि टी-टेस्ट लाव असं गाईडने सांगितलंय कारण त्यांच्या गाईडने त्यांना तसं सांगितलं होतं. हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही, संख्याशास्त्राचाही पूर्ण नाही. तो कुठल्याच विभागाचा नाही, म्हणूनच त्याला ग्रंथालय लागतं. आवारातली ही एकच इमारत अशी, जिथे आत शिरताना तुम्ही कुठल्या विभागाचे हे कुणी विचारत नाही.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यातला चौथा. ग्रंथालयवाले तो भिंतीवर लावतात आणि विसरतात. रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, ते ग्रंथालयाचं फारसं काही ठाऊक नसताना. आकडे कळणारा माणूस ग्रंथालयात बसवला तर काय होतं, याचं उत्तर भारतात शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. आपण मात्र ते 'रंगनाथन जयंती' या सदरात टाकून दिलं.

व्हर्जिनियाच्या प्रयोगाला आणखी एक बाजू आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. संगणक विभाग यंत्राचं आयुष्य जाणतो : चार-पाच वर्षं, मग नवं यंत्र. प्राध्यापक प्रकल्पाचं आयुष्य जाणतो : तीन वर्षांचं अनुदान, मग पुढचा अर्ज. ग्रंथालयाला मात्र शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक आजही कपाटात असलं पाहिजे, असं वाटत असतं. तीन प्रकारच्या काळात राहणारी ही माणसं आहेत. संशोधन संपल्यावर आकडेवारीचं काय होतं, हा प्रश्न या तिघांपैकी एकालाच झोपू देत नाही.

२०१३ मध्ये अमेरिकेत एक गंमत झाली. हार्वर्डच्या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी सिद्ध केलं होतं की देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की विकासदर शून्याखाली घसरतो. जगभर काटकसरीची धोरणं मांडताना हा निष्कर्ष पुढे केला जात होता. मॅसेच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्न्डन नावाचा विद्यार्थी गृहपाठ म्हणून हे गणित पुन्हा करायला बसला, जमेना, म्हणून त्याने मूळ फाईल मागितली. त्यांनी ती दिली, हा त्यांचा मोठेपणा. फाईल एक्सेलचीच. सरासरी काढताना सूत्रातून पाच देश सुटले होते. ती चूक आणि आकडे निवडण्यातले बाकीचे दोष दुरुस्त केल्यावर उणे ०.१ टक्क्याचा विकासदर झाला अधिक २.२. फाईल होती म्हणून चूक सापडली. नसती तर?

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने या गमतीच्या आधीच, जानेवारी २०११ पासून, नियम केला होता : अनुदानाच्या प्रत्येक अर्जाला दोन पानांची योजना जोडा, तुमच्या डेटाचं काय करणार याची. प्राध्यापकांनी ती दोन पानं पाहिली आणि कपाळाला हात लावला. स्वतःच्या डेटाचं पुढे काय होणार, हा प्रश्न आयुष्यात त्यांना कुणी विचारला नव्हता. मग ते कुठे गेले? ग्रंथालयात. व्हर्जिनियाच्या लायब्ररीत तोवर विज्ञानाच्या डेटावर सल्ला देणारा छोटा गट तयार झाला होता, आणि ही दोन पानं लिहायला मदत करणारं ऑनलाइन साधन २०११ मध्ये ज्या मोजक्या संस्थांनी मिळून काढलं, त्यांत हे विद्यापीठ होतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तर खगोलशास्त्रज्ञांनी आकाशाच्या स्लोन सर्वेक्षणाचा मोठा डेटा सांभाळायचं काम तिथल्या ग्रंथालयाकडे दिलं. ताऱ्यांच्या नोंदी पुस्तकांच्या शेजारी.

हे सगळं गोड झालं असं समजू नका. दोन खाती एका छताखाली आणली की भांडी वाजतातच. संगणकवाले काम मोजतात ते तक्रारींच्या आकड्यावर : आल्या किती, मिटल्या किती. ग्रंथालयात एका वाचकाबरोबर तीन तास घालवले, तर ते कुठल्या रकान्यात भरायचं? बाजारात प्रोग्रामरला मिळणारा पगार ग्रंथालयाच्या वेतनश्रेणीत बसत नाही. वाचनकक्षात शांतता हवी, आणि संगणकावर शिकणारी माणसं बोलतात, कधीकधी ओरडतात. अमेरिकेतल्या अनेक लहान कॉलेजांनी ग्रंथालय आणि संगणक विभाग यांचं लग्न लावलं, आणि त्यांतल्या काहींनी नंतर काडीमोडही घेतला.

शिवाय या माणसांची जात कोणती? पीएच.डी. झालेली, प्रोग्राम लिहिता येणारी, पण प्राध्यापक नसलेली माणसं. स्कॉलर्स लॅबच्या प्रमुख झालेल्या बेथनी नोव्हिस्की यांनी अशा वर्गाविषयी बरंच लिहिलं, लिहवून घेतलं. त्यांच्या लॅबमध्ये कर्मचाऱ्यांना पाचातला एक भाग वेळ स्वतःच्या संशोधनाला मोकळा ठेवलेला असे. आपल्याकडच्या ग्रंथपालाला हे सांगून पाहा. तो आधी चष्मा पुसेल. २०११ पासून तिथे दरवर्षी मूठभर पदव्युत्तर विद्यार्थी घेऊन एक कार्यक्रम चालतो : त्यांनी मिळून एक सॉफ्टवेअर किंवा प्रकल्प पुरा करायचा, आणि सुरुवातीलाच श्रेय कुणाला कसं द्यायचं याचा लेखी करार आपसांत करायचा. करार आधी, काम नंतर. आपल्याकडे शोधनिबंधावर नावं कशी चढतात हे ठाऊक असलेल्यांना यातली गंमत कळेल.

याच वातावरणात व्हर्जिनियाच्या ग्रंथालयाने पुस्तकं शोधायचं स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि जगाला फुकट दिलं. नाव ब्लॅकलाइट. आतलं शोधयंत्र 'सोलर' नावाचं, विद्यापीठाचं संक्षिप्त नाव यूव्हीए. सूर्य आणि अतिनील किरण, म्हणून ब्लॅकलाइट. ग्रंथपालांचे विनोद असेच असतात. स्टॅनफर्डसारखी ग्रंथालयंही आज त्यावर चालतात.

आणि यंत्रं? ती ग्रंथालयात राहिली नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. हजारो प्रोसेसरांचा संगणक-संच ही वीज, थंडावा आणि पहारा यांची बाब आहे. व्हर्जिनियाने २०१४ मध्ये असा संच उभारला, गावाजवळच्या नदीचं रिव्हाना हे नाव त्याला दिलं, आणि तो चालवायला संशोधन-संगणनाचं वेगळं खातं आहे. ग्रंथालयाकडे उरली ती संख्याशास्त्राची सल्लाखिडकी, नकाशे, डेटा जपणं आणि स्कॉलर्स लॅब. २००६ ला जे एकत्र आलं त्यातलं यंत्राकडे झुकणारं पुन्हा यंत्राकडे गेलं, माणसाकडे झुकणारं ग्रंथालयात राहिलं. मला हे अपयश वाटत नाही. पण सगळं कायम एका छताखाली आलं असं कुणी सांगितलं, तर तेही खरं नाही. १९९० च्या दशकात त्या आयबीएमवाल्या संस्थेचे पहिले संचालक असलेले जॉन अन्सवर्थ मध्यंतरी ब्रँडाइस विद्यापीठात ग्रंथपाल आणि संगणकप्रमुख अशा दोन्ही खुर्च्यांवर एकदम बसले आणि २०१६ मध्ये व्हर्जिनियाला परतले ते ग्रंथालयाचे प्रमुख म्हणून.

पुढे अल्डरमनचं नूतनीकरण निघालं. तिथल्या जुन्या तालिका-पत्रांचं काय करायचं हा प्रश्न आला. जवळजवळ ४० लाख कार्डं; सगळं ऑनलाइन असताना रद्दीशिवाय दुसरं काय? पीएच.डी. करणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी आडवं पडून ती वाचवली. कार्डांवर पिढ्यानपिढ्यांच्या ग्रंथपालांनी केलेल्या बारीक नोंदी होत्या, आणि त्या संगणकात कधी गेल्याच नव्हत्या. २०२४ मध्ये इमारत नव्याने उघडली. आता तिचं नाव एडगर शॅनन लायब्ररी आहे.

आता गणेशखिंडीत येऊ.

पुणे विद्यापीठाच्या आवाराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एकीकडे पहिल्या कुलगुरूंच्या नावाचं जयकर ग्रंथालय. त्याच आवारात १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणन संस्था सुरू झाली. अमेरिकेने महासंगणक देताना खळखळ केली, तेव्हा विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० इथेच घडला. आणि आवाराच्या कडेला, चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या देखण्या इमारतीत, जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका. ग्रंथ, गणन आणि आकाश, पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरात.

फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट पुढे आहे. देशभरातली विद्यापीठ-ग्रंथालयं संगणकाने जोडायची, हा इन्फ्लिबनेटचा प्रकल्प विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये सुरू केला, तो आयुकाच्या छत्राखाली. खगोलशास्त्राच्या संस्थेच्या पोटी ग्रंथालयांचं जाळं जन्मलं! १९९६ मध्ये ते स्वतंत्र झालं, मुक्काम गुजरातेत. आज शोधगंगेवर जे पाच लाखांहून अधिक प्रबंध वाचायला मिळतात ते याच संस्थेमुळे. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये. तिची अंमलबजावणीही इन्फ्लिबनेटकडे. यंत्राच्या बाजूने राष्ट्रीय महासंगणन मोहीम २०१५ मध्ये आली. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म बसला.

म्हणजे यंत्र आहे. नियतकालिकं आहेत. मधला माणूस कुठे आहे? आकडेवारी घेऊन येणाऱ्या मुलीला बस म्हणणारा?

माणूस आहे, पण वेगळ्याच कामाला बसवलेला. आपल्या विद्यापीठांत पीएच.डी.चा विद्यार्थी ग्रंथालयात पेनड्राइव्ह घेऊन जातोच. नियमच तसा आहे. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनंतर प्रबंध सॉफ्टवेअरमधून काढून साम्य किती टक्के ते पाहावं लागतं, आणि २०१९ पासून शोधशुद्धी योजनेत ते सॉफ्टवेअरही इन्फ्लिबनेट पुरवतं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर दाखला. बहुतेक विद्यार्थ्यांची ग्रंथालयाशी पाच वर्षांतली ही पहिली खरी गाठ, आणि ती चोरी केली नाही हे सिद्ध करण्यासाठी. संशोधन सुरू होताना जो माणूस शेजारी हवा, तो शेवटी टोलनाक्यावर भेटतो. मुक्तद्वार पद्धत आपण पुस्तकांच्या कपाटांना लावली, ग्रंथपालाला लावायची राहिली. त्यालाही बोल किती लावणार? अनेक ठिकाणी पदंच भरलेली नाहीत. जो आहे त्याच्याकडे दाखले, हजेरी, मूल्यांकनाच्या फायली आणि वर वाय-फायचा पासवर्ड.

भाचीनेही दाखल्यासाठी पेनड्राइव्ह नेला. साम्य आलं चौदा टक्के. ती रडकुंडीला आली. खिडकीतल्या सहायक ग्रंथपाल मॅडमनी अहवाल उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, संदर्भसूचीही मोजली गेलीय यात. तेवढी वगळू." सहा टक्के झाले. मग त्यांची नजर पेनड्राइव्हवरच्या दुसऱ्या फाईलवर गेली. "हे काय, 'मार्च_फायनल_खरंच_फायनल'?" भाचीने जीन्सची कथा सांगितली. मॅडमनी ती पूर्ण ऐकून घेतली. मध्ये दोनच प्रश्न विचारले : मूळ यादी यंत्रातून बाहेर पडली ती फाईल कुठे आहे, आणि एक्सेलमध्ये उघडण्याआधीची प्रत कुणाकडे आहे का. होती. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर, कुणी पुसली नव्हती म्हणून. तीन वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"मॅडम, तुम्हाला 'आर' प्रोग्रामिंग येतं का?"

"नाही. पण शनिवारी ये, दोघी मिळून बघू."

शनिवारी ग्रंथालय दुपारी दोनला बंद होतं. त्या दोघी पाचला बाहेर पडल्या. शिपाईकाकांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या शनिवारी आणखी दोन मुलं येऊन बसली, एक मातीचे नमुने घेऊन, एक लोकगीतांच्या ध्वनिफिती घेऊन. तिसऱ्या शनिवारी भाची गेली तेव्हा मॅडम नव्हत्या. नॅकची समिती यायची होती, त्यांना फायली लावायला मुख्य इमारतीत बोलावलं होतं. तिघं तासभर जिन्यावर बसली. मग मातीवाला म्हणाला, चल, माझा लॅपटॉप चार्ज आहे, आपणच सुरू करू.